हरीण कुणाचे, चारा कुणाचा?

तालुक्याच्या कोणत्याही बैठकीत कापसाच्या भावाचा विषय संपत आला, की मागच्या रांगेतून कुणीतरी उठतो आणि म्हणतो, "साहेब, भावाचे मग पाहू. भाव लागायला आधी पीक घरात यावे लागते. रोह्यांचे काय करायचे ते सांगा." मग सगळी सभाच बोलू लागते. कुणाच्या तुरीचे शेंडे गेले, कुणाच्या ज्वारीत रानडुकरे लोळली, कुणाचा हरभरा काळविटांच्या कळपाने एका रात्रीत खुरटून टाकला. ज्वारीचा पेरा कमी होण्याला भाव आणि मजुरी ही कारणे आहेतच. पण "राखण करायला घरात माणूस उरला नाही" हे कारणही गावोगाव ऐकायला मिळते.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, या प्रश्नावर आपण तारेचे कुंपण, झटका मशीन, जुन्या साड्या, फटाके, बुजगावणे यांवर पुष्कळ बोलतो. मूळ प्रश्न मात्र विचारत नाही. शेजाऱ्याचा बैल आपल्या वावरात शिरला तर आपण काय करतो? बैल कुणाचा, हे आधी पाहतो. मालक सापडला की त्याच्याकडून भरपाई घेतो, नाहीतर बैल कोंडवाड्यात नेतो. रोही शिरला तर त्याचा मालक कोण?

कायद्यात पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शिकार झालेला, मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तुमच्या बांधावर रोही मरून पडला तर तो सरकारचा. त्याला हात लावाल तर सरकारच्या मालमत्तेला हात लावला असे होते. पण तोच रोही जिवंतपणी तुमची पऱ्हाटी खात होता तेव्हा तो कुणाचा होता? त्याबद्दल हे कलम गप्प आहे. मेल्यावर वारस हजर, जिवंतपणी खाऊ घालायला कुणी नाही.

हाच प्रश्न दुसऱ्या एका मुलखाने कसा सोडवला, हे मी २०२३ च्या नोव्हेंबरात एक दिवस डोळ्यांनी पाहिले. तो दिवस हरणांच्या शिकारीचा होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत माझा अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातला वर्गमित्र नोकरी करतो. त्याच्याकडे पंधरा दिवस मुक्काम होता. तो म्हणाला, "तू विद्यापीठ काय पाहतोस, विद्यापीठे सगळीकडे सारखीच. शनिवारी माझ्यासोबत चल. तिकडच्या शेतकऱ्याचा खरा सण दाखवतो."

तिथे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी एक मोठा सण असतो. त्याच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या वर्षी तो शनिवार १८ तारखेला आला. राज्यात साडेपाच लाखांच्या आसपास लोक या नऊ दिवसांचा परवाना काढतात. दीड ते दोन लाख हरणे पडतात. आकडा ऐकून अंगावर काटा येईल, पण तिथे शिकारीआधी पंधरा लाखांहून अधिक हरणे असतात. पांढऱ्या शेपटीचे हे हरीण, त्याची मादी बहुधा जुळी पाडसे देते. एवढी मारूनही पुढच्या वर्षी आकडा पुन्हा तिथेच येतो.

आम्ही गेलो ते जॅक्सन काउंटीत, ब्लॅक रिव्हर फॉल्स नावाच्या गावाजवळ. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, पण आकाराने आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढी. आमचे यजमान साठीच्या पुढचे शेतकरी. मका, सोयाबीन आणि गायींसाठी लसूणघास. त्यांच्या शेताची एक बाजू थेट काउंटीच्या जंगलाला लागून. हे काउंटीचे जंगल एक लाख एकरांहून मोठे आहे आणि ते सर्वांसाठी खुले आहे. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने जावे, बसावे, शिकार करावी. जमिनीचे भाडे नाही, वशिला नाही. आपल्या मनात शिकार म्हटले की राजा, हत्ती, हाकारे आणि पुढे धावणारी गावची माणसे उभी राहतात. तिथे पहाटे पाच वाजता त्या कच्च्या रस्त्याच्या कडेला ज्या गाड्या उभ्या होत्या त्या सुताराच्या, बस ड्रायव्हरच्या, शाळामास्तरच्या होत्या. सगळ्यांच्या अंगात भडक नारिंगी जाकिटे, एकमेकांना गोळी लागू नये म्हणून. तो नियम तिथे १९८० पासून आहे. मलाही एक चढवले. माझ्या हाती बंदूक नव्हती. थर्मास मात्र माझ्याकडे दिला होता.

बर्फ नव्हता. जमीन वाळूची, हलकी. खुरटे ओक आणि पाइनची झाडे. एका ओकच्या बुंध्याला टेकून आम्ही बसलो. बोलायचे नाही, खोकायचे नाही. जागल करणाऱ्या माणसाला हे बसणे नवे नाही, फरक एवढाच की आपण जनावर येऊ नये म्हणून बसतो. कायद्याने सूर्योदयाच्या आधी अर्धा तास बंदूक चालवायला मुभा आहे. ती वेळ झाली आणि लांबवर एक आवाज झाला, मग दुसरा, मग चारी दिशांनी. आमच्यासमोर थोड्या वेळाने एक मादी आली. तीस पावलांवर उभी राहिली, कान हलवले, निघून गेली. यजमानांनी बंदूक उचललीच नाही. मी खुणेने विचारले, का? त्यांनी खिशातून कागद काढून दाखवला. मादी मारण्याचे त्यांचे परवाने होते, पण ते खाजगी जमिनीवरचे होते. त्याच काउंटीत खाजगी जमिनीचा आणि सार्वजनिक जमिनीचा परवाना वेगळा असतो. बांधाच्या अलीकडे ती मादी त्यांना मारता आली असती, पलीकडे नाही. पाहायला चिटपाखरू नव्हते. तरी हा माणूस बसून राहिला. भीतीने नव्हे. त्या परवान्यांचा आकडा ठरला त्या सभेत तो स्वत: हजर होता. त्या सभेबद्दल पुढे सांगतो.

साडेनऊच्या सुमारास शिंगांचा एक नर आला. एकच गोळी. साठ-सत्तर किलोचे जनावर असेल. यजमान जवळ गेले, थोडा वेळ नुसते उभे राहिले, मग सुरी काढून जागेवरच आतडी काढली. गिधाडे तिकडे हिवाळ्यात नसतात, पण डोमकावळे आणि गरुड दुपारपर्यंत सगळे साफ करतात. मग त्यांनी काय केले असेल? हरणाचे पोट सुरीने उघडले आणि मला जवळ बोलावले. ओकची फळे, काही पाला आणि त्यात पिवळे, अर्धवट चावलेले मक्याचे दाणे. मूठभर दाणे तळहातावर घेऊन ते हसले. "हा माझा मका," म्हणाले. "जंगलात मका पिकत नाही."

मी कृषी पदवीधर. पोटातला चारा पाहणे माझ्या शिक्षणात आले होते, पण एखादा पुरावा इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. सार्वजनिक जमिनीवर मारलेल्या सार्वजनिक हरणाच्या पोटात खाजगी मका! मी विचारले, "मग तुमच्या मक्याचे काय?" ते म्हणाले, "काउंटीचा माणूस कापणीच्या आधी येऊन मोजून गेला आहे. पैसे मिळतील. सगळे नाही, पण मिळतील." हरीण रस्त्यापर्यंत ओढायला मिलवॉकीच्या एका कारखान्यातला कामगार मदतीला आला. ओळख ना देख. त्याच्या नावावर एक गुंठा जमीन नाही. पण त्या सकाळी त्या लाख एकरावर त्याचा हक्क आमच्या यजमानांएवढाच होता. जनावराची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. पूर्वी ती पेट्रोल पंपावर नाहीतर गुत्त्यावर जाऊन होई, आता फोनवर होते. मांस विकता येत नाही, हा तिथला पक्का कायदा. घरी खा, शेजाऱ्याला द्या, नाहीतर गरिबांच्या अन्नछत्राला दान करा.

एवढा दिवस सांगितला तो शिकारीची गोडी लावायला नव्हे. त्या मूठभर मक्याच्या मागे जो हिशेब आहे, तो आपल्या उपयोगाचा आहे.

आधी त्या जमिनीची गोष्ट. हे जंगल देवाने दिलेले नाही. १८७० ते १९१० या काळात लाकूड कंपन्यांनी उत्तर विस्कॉन्सिनचे पाइन साफ केले आणि खुंटांनी भरलेली जमीन "उत्तम शेतजमीन" म्हणून गरीब लोकांना विकली. युरोपातून आलेल्या माणसांनी खुंट उपटण्यात आयुष्य घातले. वाळूत पीक आले नाही, उन्हाळ्यात दहिवर पडले, दलदलीचे पाणी काढण्यासाठी खणलेल्या चरांचे कर्ज डोक्यावर बसले. १९२० च्या आणि १९३० च्या दशकांत हजारो लोकांना जमिनीचा सारा भरता आला नाही. थकलेल्या साऱ्यापोटी जमिनी काउंटीकडे जमा झाल्या. जॅक्सन काउंटीच्या आसपासच्या भागात तर केंद्र सरकारने शेतकऱ्यांना उठवून जमिनी विकत घेतल्या. आज राज्यभर काउंट्यांच्या ताब्यात अशी सुमारे २४ लाख एकर जंगले आहेत. दिवाळखोर शेतकऱ्यांच्या जमिनीवर उभे राहिलेले हे सार्वजनिक जंगल आहे. शिकारीच्या गप्पांत हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो. त्याही आधी ही जमीन हो-चंक नावाच्या आदिवासींची होती. त्यांना सरकारने अनेकदा हाकलले आणि ते पायी परत आले. त्यांच्या राष्ट्राचे मुख्य ठाणे आजही ब्लॅक रिव्हर फॉल्सलाच आहे.

आता हरणाची गोष्ट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हरीण मारून शहरात विकण्याचा धंदा होता. रेल्वेने मांस जाई. १९०० सालापर्यंत हरणे संपत आली. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. बाजार बंद केला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावराची एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री गुन्हा ठरली. आणि मालकी जाहीर केली. विस्कॉन्सिनच्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की राज्यातल्या सर्व वन्य प्राण्यांची मालकी आणि देखभाल राज्याकडे आहे. आपल्यासारखी फक्त मेलेल्या प्राण्याची नव्हे, जिवंत प्राण्याचीही.

मालकी आली की खर्च आला. तो कुणी द्यायचा? १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटायचा. अट एकच: राज्याने शिकार-परवान्याचे पैसे दुसऱ्या कोणत्याही खात्याकडे वळवायचे नाहीत. वळवले तर केंद्राचा वाटा बंद. आपल्याकडे कापसावर, उसावर आणि ज्यात्यात उपकर बसले आणि कुठल्या कुठे वळले, हे आठवले की या एका अटीची किंमत कळते. विस्कॉन्सिनच्या रहिवाशाला हरणाचा परवाना २४ डॉलरला पडतो. त्यातली थोडी रक्कम शेतीच्या नुकसानीच्या निधीत जाते. सध्याची नुकसानीची योजना १९८३ पासून चालू आहे. हरणाची मजा घेणारा पैसे भरतो, हरीण पोसणाऱ्याला त्यातून वाटा मिळतो. जंगलात रमणारा शहरातला कामगार आणि बांधावरचा शेतकरी यांच्यात सरकार मध्यस्थ आहे. हा वाटा मालकी जाहीर झाली म्हणून आपोआप आला नाही. शेतकऱ्यांनी कायदेमंडळाच्या मागे लागून तो मिळवला.

आणि ती सभा. हरणे किती ठेवायची आणि किती माद्या मारायच्या, याची शिफारस करायला २०१४ पासून प्रत्येक काउंटीत एक समिती आहे. तीत शिकाऱ्यांबरोबर शेतीचा, जंगलाचा, पर्यटनाचा प्रतिनिधी बसतो. बैठक खुली असते. आमचे यजमान दरवर्षी जातात आणि त्यांच्याच शब्दांत "ओरडून येतात". याशिवाय १९३४ पासून तिथे वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, ७२ च्या ७२ काउंट्यांत एकाच संध्याकाळी सभा भरतात. शिकारीचे आणि मासेमारीचे नियम तिथे लोकांपुढे ठेवतात आणि आलेला कोणीही माणूस मत देतो. मत सल्ल्यापुरते आहे, बंधनकारक नाही. पण सल्ला तरी विचारतात. आपल्याकडे तालुक्यात रोही किती आहेत, किती असावेत, हे शेतकऱ्याला कधी कुणी विचारले आहे का?

तिकडे सगळे छान आहे असे मात्र समजू नका. जिथे पैसा शिकाऱ्याचा, तिथे खात्याचा कान शिकाऱ्याकडे. शिकाऱ्याला जंगलात हरणे भरपूर हवी असतात, शेतकऱ्याला थोडी. नर मारून कळप कमी होत नाही. एक वळू साऱ्या गावाला पुरतो, हे आपल्याला शिकवायला नको. संख्या आवरायची तर मादी मारावी लागते. हे शास्त्र तिथे आल्डो लिओपोल्ड यांनी मांडले. १९३३ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले, तेही कृषी अर्थशास्त्र विभागात! १९४३ मध्ये त्यांच्या पाठिंब्याने माद्या मारण्याचा मोसम उघडला तेव्हा लोक त्यांच्यावर तुटून पडले. पुढे १९९६ मध्ये जादा हरणे असलेल्या भागांत खात्याने नियम आणला: आधी मादी मारा, मग शिंगवाल्या नराचा हक्क मिळेल. त्याचा परिणामही दिसू लागला. शिकाऱ्यांनी गदारोळ केला आणि २०११ मध्ये कायदेमंडळाने तो नियमच बंद केला. मतांपुढे शास्त्र वाकते, हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. २००२ मध्ये तिथल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग सापडला, तो आता पसरला आहे. आणि आमच्या यजमानांची तक्रार अशी, की नुकसानीचे पैसे हवे असतील तर आपल्या शेतात परक्या शिकाऱ्यांना येऊ द्यावे लागते. "पैसे घेतो म्हणून कुंपणाचे फाटक उघडे ठेवतो," असे ते म्हणाले तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या वऱ्हाडात लागू पडते. उत्तर विस्कॉन्सिनच्या ओजिब्वे आदिवासींनी १८३७ आणि १८४२ च्या तहांत जमीन दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. सरकार तो विसरले. १९८३ मध्ये न्यायालयाने हक्क शाबूत असल्याचा निकाल दिला. पुढे काही वर्षे तलावांच्या काठावर गोरे लोक त्यांना दगड मारायला जमत. हक्क मात्र टिकला. आमच्या फासेपारध्याला कुणी तह दिला नव्हता. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी त्याला जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून निघाला. वीस वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याचा धंदाच गुन्हा झाला. हरणाची वाट, खूर, पाणवठा, कळपातली माजावरची मादी, हे सगळे ज्याला कळत होते तो माणूस आज गावाबाहेर पालात बसून आहे आणि हरणांची मोजणी कशी करावी यावर शहरात कार्यशाळा चालतात.

आपल्याकडचा कायदा शिकार सरसकट बंद ठेवतो, पण दार पूर्ण लावलेले नाही. कलम ११ प्रमाणे पहिल्या अनुसूचीबाहेरचा प्राणी उभ्या पिकाला धोका ठरला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी तो मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. रोही आणि रानडुक्कर यात येतात. काळवीट येत नाही, ते पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ६२ प्रमाणे केंद्र सरकार एखादा प्राणी ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी जाहीर करू शकते. १ डिसेंबर २०१५ ला बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुकरांबाबत तसे जाहीर झाले. जून २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून काही दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांवर जाहीर बोलले, वर्तमानपत्रांना मसाला मिळाला, आणि विषय थंडावला. मोजणी नाही, दरवर्षीचे नियोजन नाही, गावाचा सहभाग नाही. याला व्यवस्थापन म्हणत नाहीत. केरळने मे २०२२ पासून रानडुकरापुरता वेगळा मार्ग धरला. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षालाच हुकूम देण्याचा अधिकार दिला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी केली. मांस खायचे नाही, पुरायचे. पंचायतीला अधिकार दिल्याने तिथे आभाळ कोसळले नाही.

कुणी म्हणेल, नीलगायीला गोळी? ती तर गाय. तिचे कुळ काळविटाच्या बाजूचे नसून गवा-म्हशीच्या जवळचे, हे शास्त्र सांगते, पण गाय ती नव्हे. उत्तरेत नावाने घोटाळा केला. आपल्या वऱ्हाडात तिला रोही म्हणतात, त्यात गाय कुठेही नाही. तरीही ज्याला मारणे पटत नाही त्याचा मी आदर करतो. आपल्यातले पुष्कळ शेतकरी काळविटावर दगडही उचलत नाहीत. मात्र शहरातल्या ज्या माणसाला हरीण जिवंत पाहून आनंद होतो, त्याने त्या आनंदाचे तिकीट काढावे. व्याघ्रप्रकल्पाच्या फाटकावर तो जिप्सीचे पैसे भरतो. माळावरच्या रोह्यासाठी तो काही भरत नाही. ते तिकीट आजवर आपण भरत आलो.

ते किती भरतो, हेही पंचनाम्यात उतरत नाही. आपला पंचनामा खाल्लेले पीक पाहतो. पऱ्हाटीचे तसे नसते. वीस-पंचवीस दिवसांच्या पऱ्हाटीचा शेंडा हरणाने खुडला तर झाड मरत नाही. बाजूच्या फांद्या फुटतात. पाहणाऱ्याला महिन्याने शेत हिरवेच दिसते. पण पाते उशिरा लागते, बोंड उशिरा धरते, आणि कोरडवाहू जमिनीत त्या बोंडाला पोसायला ओल उरलेली नसते. नुकसान जुलैमध्ये होते, दिसते ते दिवाळीनंतर, पहिल्या वेचणीला. तेव्हा कोण पंचनामा करणार? नांग्या भरायला लागलेले बियाणे, दुसऱ्यांदा लावलेली मजुरी, चार महिन्यांच्या जागलीच्या रात्री, यांची रकानाच नाही. विस्कॉन्सिनमध्ये काउंटीचा माणूस कापणीच्या आधी येतो आणि त्याच शेतातल्या खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या भागाचे उत्पन्न ताडून पाहतो. ही पद्धत आपल्याकडे आणायला विमान लागत नाही. प्रत्येक गावात दोन गुंठ्यांचा तुकडा जाळी लावून राखावा आणि शेवटी दोन्हीकडचा कापूस तोलावा. आमच्या कृषी विद्यापीठांना यापेक्षा सोपा प्रयोग सापडणार नाही.

माझे मत असे आहे. घरोघरी बंदुका आणा, असे मी म्हणत नाही. अमेरिकेत बंदुकांनी काय होते ते आपण वाचतो. शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, तेवढ्याने सुद्धा रोही आटोक्यात येणार नाहीत. विष घालणे आणि तारेत थेट वीज सोडणे तर कुणीही करू नये. त्यात हरणाआधी आपलीच पोरे, आपलेच बैल मेले आहेत. मागणी दुसरी आहे. जिवंत रोही, जिवंत डुक्कर, जिवंत काळवीट यांची मालकी सरकारने कायद्यात लिहून घ्यावी, आणि मालकाने चराई द्यावी. दयेची मदत म्हणून नको, शेजाऱ्याच्या बैलाची देतात तशी. दरवर्षी तालुकावार मोजणी व्हावी. किती जनावरे ठेवायची हे ठरवणाऱ्या समितीत निम्म्याहून जास्त माणसे कोरडवाहू शेतकरी असावीत, कारण चारा त्यांचा आहे. रोही आणि डुकरे कमी करायची ठरली तर ते काम कलम ११ खाली दरवर्षी, ठरलेल्या मोसमात, फासेपारध्यांना रीतसर मजुरी आणि ओळखपत्र देऊन करून घ्यावे. काळविटाला कायदा हात लावू देत नाही. तिथे पकडून हलवणे आणि पूर्ण भरपाई, हाच मार्ग उरतो.

येत्या जिल्हा बैठकीला हा विषय स्वतंत्र ठेवला आहे. येताना तोंडी तक्रार आणू नका, वही आणा. पेरणीपासून कोणत्या तारखेला कोणते जनावर आले, किती होती, कोणत्या पिकाचा कोणता भाग खाल्ला, नांग्या भरायला किती पाकिटे लागली, जागलीला कोण किती रात्री बसले, एवढे लिहिलेले असावे. भरपाईचा अर्ज केला असेल तर पोचपावतीची प्रत जोडा. अर्ज घेतलाच नसेल तर कोणत्या तारखेला, कोणत्या कचेरीतून परत पाठवले ते लिहा. काळविटाचे नुकसान वेगळ्या पानावर घ्या, कारण त्याची अनुसूची वेगळी असल्याने त्याचे निवेदन वेगळे करावे लागणार आहे.